नवख्या शहरातल्या ब्रुअरीज: पहिला ग्लास सर्वांत साध्या बिअरचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामानिमित्त एका नवख्या शहरात चार संध्याकाळी मोकळ्या मिळणार आहेत, तिथे वीसेक क्राफ्ट ब्रुअरीज, म्हणजे आपल्या धाटणीची बिअर करणारे छोटे कारखाने, आहेत. आजवर बाटलीतली नेहमीची बिअरच प्यायलात, आणि एकदा घेतलेली आयपीए (इंडिया पेल एल या प्रकारची बिअर) इतकी कडू लागली की पुन्हा त्या वाटेला गेला नाहीत. तर कुठे जावं, काय मागावं, आणि समोर आलेली बिअर चांगली की वाईट हे कसं ओळखावं?

मी ब्रुअर आहे. बरीच वर्षं बिअर आंबवायच्या टाक्यांपाशी गेली, काही टॅपरूमच्या, म्हणजे ब्रुअरीतच बिअर प्यायला देतात त्या जागेच्या, काउंटरमागे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगता येईल. वीस जागांची यादी आधी बाजूला ठेवा. चार संध्याकाळी, चार ब्रुअरीज. अगदीच राहवलं नाही तर पाच. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला ग्लास तिथल्या सर्वांत साध्या, फिक्या बिअरचा. ब्रुअरी कशी आहे हे त्या एका ग्लासात जितकं कळतं तितकं फळ्यावरच्या बाकी सगळ्या नावांतून मिळून कळत नाही.

जागा कशी निवडायची ते आधी पाहू. क्राफ्ट बिअर मिळते अशा सगळ्या जागा एका प्रकारच्या नसतात. काही ठिकाणी फक्त नळ असतात, बिअर दहा ठिकाणांहून येते. काही ब्रँडचं नाव स्वतःचं असतं, पण बिअर दुसऱ्याच्या कारखान्यात ठरवून करून घेतलेली असते. यात गैर काही नाही, पण तुम्हाला शहरातली ब्रुअरी पाहायची आहे, तेव्हा जिथे टाक्या आहेत तिथेच जा. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची व्याख्या इथे उपयोगी पडते: आपल्या बिअरपैकी निदान २५ टक्के बिअर जागेवरच विकणारी ती टॅपरूम ब्रुअरी, आणि तेवढीच विक्री असून सोबत बऱ्यापैकी मोठं स्वयंपाकघर चालवणारा तो ब्रुपब. दोन्ही ठिकाणी बिअर टाकीपासून ग्लासापर्यंत काही मीटरच प्रवास करते. घराबाहेर पडून टॅपरूमपर्यंत जाण्याचं खरं कारण तेच.

आत गेलात की नळ किती आणि टाक्या किती याकडे एक नजर टाका. यात एक साधं गणित आहे. हजार लिटरच्या टाकीतून अर्ध्या लिटरचे २,००० ग्लास निघतात. एखाद्या बिअरचे दिवसाला २० ग्लास जात असतील, तर ती संपायला १०० दिवस लागतात. छोट्या ब्रुअरीत चोवीस नळ असतील आणि आतमध्ये गर्दी नसेल, तर त्यातल्या बऱ्याच बिअर पिंपांमध्ये महिनोन्महिने थांबलेल्या असणार. काळ्या, जास्त अल्कोहोलच्या बिअरला ते चालतं, कधी मानवतंही. हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांच्या) ताज्या वासावर उभ्या असलेल्या बिअरचा मात्र तोवर जीव गेलेला असतो. म्हणून सहा-आठ नळ आणि भरपूर वर्दळ असलेली जागा मी चोवीस नळांच्या ओसाड जागेपेक्षा नेहमी वर ठेवतो.

नकाशावर पाहाल तर ब्रुअरीज बहुधा गोदामांच्या, जुन्या कारखान्यांच्या भागात एकत्र दिसतील. लंडनच्या बर्मंडसी भागात तर त्या रेल्वेच्या कमानींखाली ओळीने आहेत. भरलेल्या टाक्यांचं वजन पेलणारी जमीन, उंच छत, पाणी वाहून नेणारी मोठी गटारं, जड विजेची जोडणी आणि ट्रक थांबायला जागा, हे सगळं शहराच्या मध्यभागी परवडत नाही. याचा तुम्हाला फायदा असा की पाचवी जागा घ्यायचीच झाली, तर एका संध्याकाळी चालत जाता येतील अशा दोन जागा सहज सापडतात. शक्यतो मधल्या वारी आणि संध्याकाळी लवकर जा. शनिवारी रात्री काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसतो, आणि ते दोन शब्द फार मोलाचे असतात.

आता त्या पहिल्या ग्लासाबद्दल. फळ्यावर पिल्सनर, हेलेस (दोन्ही फिक्या लागरच) किंवा नुसतीच ‘लागर’ असेल तर ती. नसेल तर कोल्श किंवा ब्लाँड एल. तेही नसेल तर पेल एल.

फिकी लागर ही ब्रुअरसाठी सर्वांत अवघड परीक्षा आहे. तिच्यात भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गडद स्वाद नाही, हॉप्सचा भडिमार नाही, फळांचा रस नाही. लपायला जागाच नाही. बिअरची दोन मोठी घराणी आहेत, एल आणि लागर. एलचं यीस्ट साधारण १६ ते २२ अंश सेल्सियसला काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर नळावर येऊ शकते. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश आंबवतं, आणि त्यानंतर बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवावी लागते. एवढे दिवस एक टाकी अडकून पडते. त्याच काळात तिच्यातून एलच्या दोन खेपा निघाल्या असत्या. तरीही एखादी छोटी ब्रुअरी लागर करते आणि ती स्वच्छ, कोरडी, शेवटच्या घोटापर्यंत हवीशी वाटते, तेव्हा त्या ब्रुअरीकडे संयम आहे, स्वच्छता आहे आणि तापमानावर ताबा आहे हे मला कळलेलं असतं. मग तिच्या बाकीच्या बिअर मी निर्धास्त मागवतो.

पिल्सनरचा जन्मच मुळी वाईट बिअरच्या वैतागातून झाला. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या पिल्झेन गावात १८३८ साली लोकांनी नासकी बिअर पिंपंच्या पिंपं रस्त्यावर ओतून दिली आणि मग गावाने स्वतःची नवी ब्रुअरी उभारली. योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरला बोलावलं. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिली खेप घातली: फिकं माल्ट, झाटेक भागातले सुवासिक हॉप्स, तिथलं अतिशय मृदू पाणी आणि थंडीत काम करणारं यीस्ट. जगभर आज जी सोनेरी, नितळ बिअर प्यायली जाते तिचा उगम तिथे आहे. तुम्ही आजवर बाटलीतून जी प्यायलात तीही त्याच घराण्यातली, दूरच्या नात्यातली. म्हणूनच तुमच्यासाठी सुरुवातीचं ठिकाण तेच असावं. ओळखीची चव हातात घेऊन गेलात, तर फरक नेमका कुठे पडला ते जिभेला कळेल.

ग्लास समोर आला की प्यायच्या आधी त्याच्याकडे नीट पाहा. काचेच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर ग्लासावर तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे मधून सरळ वर जातात, वरचा फेस टिकतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं मागे राहतं. दोन-तीन सेंटिमीटर फेस हवाच. तो काढून टाका असं सांगू नका, वास त्यातूनच वर येतो. ग्लास बर्फाने पांढरा झालेला असेल तर साधा ग्लास मागून घ्या. गोठवणाऱ्या थंडीत जीभ बधिर होते आणि चांगली बिअर आणि सुमार बिअर सारख्याच लागतात. लागर ४ ते ७ अंशांना ठीक, एल ८ ते १२ ला, आणि तगडी स्टाउट (भाजक्या धान्याची काळी एल) त्याहूनही किंचित कोमट असली की खुलते. बिअर फार थंड आली तर ग्लास तळहातांत धरून पाच मिनिटं थांबा.

मग वास घ्या. ग्लास हलकेच फिरवा, वर हात ठेवून क्षणभर झाका, मग हात काढून दोन-तीन छोटे श्वास. लांब श्वास घेतला तर नाक लवकर थकतं. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी चव तेव्हा कळते. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. तोंडात आधीच्या कशाची तरी चव असते. तिसऱ्या घोटाला बिअर स्वतःबद्दल बोलू लागते.

चांगली-वाईट ओळखण्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण ‘मला यातलं कळत नाही’ म्हणून लोक दोष असलेली बिअर मुकाट्याने पितात आणि वर क्राफ्ट बिअर अशीच असते असं समजून बसतात. ओळखायला शिकायचे दोष चार-पाचच आहेत. प्रत्येकामागे ठरावीक कारण आहे, आणि ते कारण ब्रुअरीतल्या घाईकडे किंवा अस्वच्छतेकडे बोट दाखवतं.

फिक्या लागरला लोण्याचा, बटरस्कॉचचा वास येत असेल आणि जिभेवर एक बुळबुळीत थर राहत असेल, तर ते डायअसेटिल. यीस्ट आंबवताना त्याचा पूर्वघटक बाहेर टाकतं आणि डायअसेटिल तयार झालं की शेवटी तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. त्यासाठी आंबवण्याच्या शेवटी टाकीचं तापमान थोडं वाढवून तिला काही दिवस द्यावे लागतात. ज्याने ते दिवस वाचवले त्याच्या बिअरमध्ये लोणी राहतं. काही पारंपरिक इंग्लिश एलमध्ये याची पुसट छटा चालवून घेतात. पिल्सनरमध्ये, एखाद-दुसऱ्या चेक अपवादापलीकडे, ती चालू नये. मात्र हाच वास नळाच्या अस्वच्छ नळीतूनही येतो. नळीच्या आत जिवाणूंचा थर साचला की चांगली बिअरही काउंटरपर्यंत येताना बिघडते, कधी लोण्याकडे तर कधी व्हिनेगरसारख्या आंबटपणाकडे. नळ्या दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवाव्यात हा या व्यवसायातला मान्य नियम आहे. तो सगळेच पाळतात असं नाही.

उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास हा डायमिथिल सल्फाइडचा. फिक्या माल्टमध्ये त्याचा पूर्वघटक असतोच. माल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, तास-दीड तास खळखळून उकळला की हा वास वाफेबरोबर निघून जातो. उकळी मंद ठेवली, झाकण लावलं किंवा नंतर गार करायला उशीर केला, की तो राहतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बहुधा बिअर टाकीतून लवकर काढलेली आहे. ओल्या पुठ्ठ्याची, जुन्या कागदाची चव म्हणजे बिअरला कुठेतरी हवा लागली आहे किंवा ती फार दिवस पडून आहे. आणि उन्हात ठेवलेल्या ग्लासाला काही मिनिटांतच जो उग्र, गंधकी दर्प येऊ लागतो तो ब्रुअरचा दोष नव्हे. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू घटकांपासून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं, आणि नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही जाणवतं. बाहेर अंगणात बसलात तर ग्लास सावलीत ठेवा.

इथे एक भेद मनाशी पक्का करा. एखादी बिअर न आवडणं आणि ती सदोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बव्हेरियन गव्हाच्या बिअरला, हेफेवायझेनला, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही घातलेलं नसतं आणि लवंगही नाही. दोन्ही वास तिचं यीस्ट तयार करतं, आणि ते असलेच पाहिजेत. तोच केळ्याचा वास पिल्सनरला आला तर काहीतरी बिनसलं आहे. हेफेवायझेन गढूळ असणं बरोबर, हेलेस गढूळ का आहे ते विचारावं. म्हणून फळ्यावर प्रकाराचं नाव लिहिलेलं असेल तर ते वाचा, आणि तो प्रकार कसा लागायला हवा हे काउंटरवर विचारून घ्या.

दोष ठामपणे जाणवला तर सांगायला संकोच करू नका. ‘बिअर वाईट आहे’ असं म्हणण्यापेक्षा ‘हिला मला लोण्याचा वास येतोय, तुम्ही एकदा पाहता का?’ असं विचारा. काउंटरमागे उभं असताना मला असा प्रश्न कुणी विचारला की मी आधी स्वतः एक घोट घेऊन पाहायचो, कारण त्या प्रश्नामुळे कधीकधी एक आख्खी नळी बदलायची वेळ आल्याचं कळतं. चांगल्या जागी ग्लास बदलून मिळतो. तोंड वाकडं केलं गेलं, तर त्या जागेबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

पहिला ग्लास जमला की मग चाखण्याचे छोटे ग्लास मागा. बहुतेक टॅपरूममध्ये १०० ते १५० मिलिलिटरचे चार-पाच ग्लास एका लाकडी फळीवर मांडून देतात. त्याला फ्लाइट म्हणतात. क्रम तुम्हीच ठरवा: कमी अल्कोहोलकडून जास्तीकडे, हलक्याकडून गडदाकडे. खूप हॉप्सवाली बिअर मागे ठेवा, कारण हॉप्सचा कडवटपणा जिभेवर साचत जातो आणि त्यानंतर नाजूक काही कळत नाही. आंबट आणि खूप गोड बिअर सगळ्यात शेवटी. मध्ये साधं पाणी प्या. चार बिअर एकमेकींपासून खूप वेगळ्या मागवण्यापेक्षा दोन-दोनच्या जोड्या करून मागवा, म्हणजे तुलना होते: पिल्सनरशेजारी हेलेस, पोर्टरशेजारी स्टाउट. नवख्या माणसाची जीभ अशा जोड्यांमधून फार लवकर तयार होते.

आता तुमच्या आयपीएबद्दल. कडवटपणा मोजण्यासाठी आयबीयू हे एकक वापरतात. बिअरमध्ये हॉप्सचे कडू घटक साधारण किती मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत ते त्यातून कळतं. पण तो आकडा जिभेवरच्या कडवटपणाइतकाच असतो असं नाही. गोडसर, दाट स्टाउटमधले ६० आयबीयू कोरड्या पेल एलमधल्या ४० पेक्षा सौम्य लागू शकतात. तुम्ही प्यायलात ती बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या धाटणीची असावी: नितळ, कोरडी, शेवटी झणझणीत कडू. त्या धाटणीचं मूळ कॅस्केड नावाच्या हॉप्समध्ये आहे. ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातून हा वाण १९७२ साली बाहेर आला. त्याचा ग्रेपफ्रूटसारखा वास तोवरच्या युरोपीय हॉप्सपेक्षा अगदी वेगळा होता, आणि १९८० साली सुरू झालेल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या पेल एलने तो घराघरांत पोहोचवला. अमेरिकेतली क्राफ्ट बिअरची सगळी चळवळ या एका वासाभोवती वाढली असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेच्या ईशान्येकडची, व्हरमाँटच्या बाजूने पसरलेली गढूळ आयपीए वेगळी असते. तिच्यात ओट्स आणि गहू असतात, हॉप्सचा बराचसा भाग उकळीत न घालता नंतर गार बिअरमध्ये घातलेला असतो. उकळीत हॉप्स घातले की कडवटपणा येतो, नंतर घातले की मुख्यतः वास. त्यामुळे ती आंब्या-पपनसासारख्या वासाची, मऊ आणि कमी कडू लागते. तुम्ही तिच्यापासून सुरुवात करा. फक्त ती ताजी हवी. या बिअरला हवेचं फार वावडं आहे; काही आठवड्यांत वास विरतो, रंग मळकट राखाडी-तपकिरी होऊ लागतो. ‘ही पिंपात कधी भरली?’ हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

आंबट बिअरच्या वाटेला नंतर जा, पण जा. ब्रसेल्स आणि त्याच्या शेजारच्या सेन नदीच्या खोऱ्यातली लाँबिक हे तिचं एक जुनं आणि माझ्या मते सर्वांत थोर रूप. तिथे गरम वर्ट थंडीच्या महिन्यांत रात्रभर उघड्या, उथळ हौदात ठेवतात. हवेतलं आणि इमारतीतलं रानटी यीस्ट आणि जिवाणू त्यात आपोआप उतरतात, मग ते लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं मुरतं. वेगवेगळ्या वयाच्या लाँबिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की तिला ग्योझ म्हणतात. ब्रसेल्समधली काँतियाँ ब्रुअरी १९०० सालापासून हे करते आहे. एखादी बिअर एखाद्या शहराशी बांधलेली असणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

बाकी ‘आमच्या शहराच्या पाण्याची चव’ असं कुणी सांगितलं तर थोडं खोलात विचारा. पूर्वी ते खरंच होतं. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा तिथे टोकदार, कोरडा लागायचा आणि पेल एल तिथे फळाला आली. डब्लिनचं पाणी कार्बोनेटांमुळे अल्कधर्मी. काळ्या भाजलेल्या धान्याची आम्लता त्याला तोलून धरते, म्हणून तिथे स्टाउट रुजली. पिल्झेनचं मृदू पाणी वर आलंच आहे. आज मात्र ब्रुअर पाणी गाळून जवळजवळ कोरं करतो आणि हवे ते क्षार मोजून घालतो, त्यामुळे बर्टनचं पाणी कुठेही बनतं. स्थानिकपणा आता शोधायचा तो धान्यात, जवळच्या शेतातल्या हॉप्समध्ये, ब्रुअरीने वर्षानुवर्षं जपलेल्या यीस्टमध्ये, आणि त्या शहरातले लोक रोज काय पितात यात. म्हणून ‘तुमची सर्वांत प्रसिद्ध बिअर कोणती’ असं विचारू नका, ती पाहुण्यांसाठी असते. ‘काम संपल्यावर तुम्ही स्वतः कोणती घेता?’ हे विचारा. उत्तर देताना माणसाचा चेहरा बदलतो, आणि बहुतेक वेळा तो बोट दाखवतो ती एखादी साधी लागर किंवा पेल एलच असते.

आणखी दोन प्रश्न उपयोगी पडतात. ‘आज सर्वांत ताजी कोणती?’ आणि ‘लागर किती आठवडे टाकीत होती?’ दुसऱ्याचं उत्तर ज्याला येत नाही तो ते आत जाऊन विचारून आला, तरी मी त्या जागेला चांगले गुण देतो. त्याला स्वतःला जाणून घ्यावंसं वाटलं, एवढं पुरे.

टाक्या पाहायची सोय असेल तर जरूर पाहा. सकाळी किंवा दुपारी बिअर घालायचं काम चालू असतं, तेव्हा गेलात तर गरम पाण्यात भिजणाऱ्या माल्टचा वास येईल. तो एकदा नाकात बसला की पुढे प्रत्येक ग्लासात त्याचा माग काढता येतो. बंद बूट घाला, फरशी कायम ओली आणि निसरडी असते. कुठल्याही झडपेला हात लावू नका. खोलगट तळघरात किंवा टाकीत डोकावू नका: आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, आणि त्याने ब्रुअरीत जीव गेलेले आहेत. फरशी, नळ्यांची टोकं, गटारांच्या जाळ्या यांच्याकडे पाहा. ब्रुअरचं बहुतेक आयुष्य धुण्यात जातं, आणि ज्याच्या गटाराला वास येत नाही त्याच्या बिअरलाही सहसा नको तो वास येत नाही.

एखाद्या जागी हाताने ओढायचा दांडा दिसला आणि पिंपात जिवंत यीस्ट असलेली कास्क बिअर मिळत असेल, तर ती चुकवू नका. ती ११ ते १३ अंशांना देतात, बुडबुडे कमी असतात, आणि पहिल्यांदा ती कोमट, मऊ वाटते. दहा मिनिटं द्या तिला. पिंप उघडल्यावर ती दोन-तीन दिवसच चांगली राहते, त्यामुळे वर्दळ असलेल्या जागीच घ्या. ब्रिटनमध्ये ही पद्धत मोठ्या कंपन्यांच्या हाती जवळजवळ संपत आली होती. ती टिकावी म्हणून १९७१ साली सामान्य ग्राहकांनी कॅम्रा ही संघटना काढली, आणि आज ती बिअर मिळते यात त्या लोकांचा मोठा वाटा आहे.

मोबाइलवरच्या गुणांकनाकडे फार लक्ष देऊ नका. तिथे जास्त अल्कोहोलच्या, दुर्मीळ, भडक चवीच्या बिअर वर जातात आणि निर्दोष पिल्सनर मधे कुठेतरी पडून राहते. त्यापेक्षा स्वतःच्या दोन ओळी लिहा: नाव, तारीख, वास कसा होता, दुसरा ग्लास घ्यावासा वाटला का. शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक मोजमाप आहे.

चारच ब्रुअरीज का, तेही सांगतो. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅमच हाताळू शकतं. आता १२५ मिलिलिटरचे चार छोटे ग्लास घ्या: ५ टक्क्यांची पिल्सनर, साडेपाचची हेफेवायझेन, ७ ची आयपीए आणि १० ची इम्पिरियल स्टाउट. दिसायला तोच अर्धा लिटर, पण अल्कोहोल जवळपास २७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन-चार तासांचं काम. त्याआधी एक ग्लास लागर झालेली आहे. याच्या पुढे दुसऱ्या ब्रुअरीत गेलात तरी जीभ आणि नाक तुमच्यासोबत आलेले नसतात. जाण्याआधी पोटभर जेवा, प्रत्येक ग्लासाबरोबर तेवढंच पाणी प्या, आणि गाडी मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवा. छोटे ग्लास संपवायलाच हवेत असंही नाही. मी स्वतः न आवडलेला ग्लास अर्धा ठेवून उठतो, आणि कुठल्याही जाणत्या ब्रुअरला त्याचं वाईट वाटत नाही.

बिअर सोबत न्यायची असेल तर ती शेवटच्या संध्याकाळी घ्या, आणि कॅन घ्या. कॅनमध्ये प्रकाश शिरत नाही. तपकिरी बाटली ठीक, हिरवी आणि पारदर्शक टाळा. डब्याच्या बुडावर भरल्याची तारीख शोधा. गढूळ आयपीए महिन्याहून जुनी असेल तर ठेवून द्या, स्टाउट किंवा जास्त अल्कोहोलची गडद एल बिनधास्त उचला. नळावरून तुमच्यासमोर भरून दिलेला मोठा कॅन किंवा बाटली मात्र प्रवासासाठी नव्हे. भरताना तिच्यात हवा शिरलेलीच असते, ती दोन-तीन दिवसांत, थंड ठेवून, आणि उघडली की त्याच बैठकीत संपवायची.